चंद्राची पुडी

डोंबिवलीतल्या एका मेडिकलच्या भिंतीवर माझा फोटो लावलेला आहे. त्याला अजून हार घातलेला नाही, म्हणजे मी जिवंत आहे हे तिथल्या लोकांना माहीत असावं. फोटो दुकानाच्या उद्घाटनाचा. मधोमध फीत कापणारे पुढारी, त्यांच्या एका बाजूला दुकानाचे शेठ, आणि दुसऱ्या बाजूला पांढरा कोट घालून, कात्रीचं ताट हातात धरून मी. फीत पुढाऱ्यांनी कापली, पण माझा चेहरा बघाल तर दुकान, शेजारचा दवाखाना आणि जमलंच तर अख्खी महानगरपालिका माझ्या नावावर झाली आहे असं वाटेल. फोटोग्राफर बिचारा सांगत होता, "म्याडम, मान जरा खाली घ्या, नुसती हनुवटीच येतेय." मी घेतली नाही. फार्मसीचा डिप्लोमा नवा होता, कोट नवा होता. तो कोट घालून मी भाजीलाही जायचे. भाजीवाली मला 'डाक्टरीणबाई' म्हणायची आणि मी तिला चुकूनही दुरुस्त करायचे नाही.

त्याच दुकानात काउंटरमागे उभी राहून मी म्हातारी झाले. शेठ इथलेच, जुन्या गावठाणातले. वाडवडलांची भातशेती बिल्डरला देऊन त्यांनी दुकान टाकलं होतं. "बाय, औषधातला मना काय कलत नाय," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "तू सांगशील तसा." बाईला आणखी काय हवं? मी त्यांना सांगत सुटले.

दोन गोष्टींचा मला भयंकर अभिमान होता. पहिली म्हणजे स्ट्रिप कापणं. सुट्या गोळ्या द्यायच्या तर ज्या टोकाला तारीख आणि बॅच नंबर असतो ते टोक राखायचं आणि दुसऱ्या टोकाकडून कापायचं, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख शाबूत राहते. हाताखालच्या पोरांना मी हे इतकं शिकवलं की ती मला मागून 'कात्रीबाई' म्हणत. दुसरी गोष्ट पुड्यांची. ज्यांना वाचता येत नसे त्यांना मी गोळ्या सुट्या करून कागदाच्या पुड्यांत बांधून द्यायचे. सकाळच्या पुडीवर सूर्य, संध्याकाळच्या पुडीवर चंद्र. काउंटरसमोर ही गर्दी आणि मी चंद्राला भुवया काढतेय, असं कैकदा झालेलं आहे. पुडी देताना वर दम असे, "उरली तर ठेवायची नाही. तारीख माहीत नसलेली गोळी सरळ फेकायची, कळलं का?" समोरची बाई मान डोलवायची. ती गोळी तिनं कुठल्या पैशांनी घेतली असेल, हा विचार माझ्या ताठ मानेत शिरायला जागा नव्हती.

आमचे हे कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात होते. आयुष्यभर पावडरीत काम केलं. घरी आले की रुमालावर त्या दिवसाचा रंग असायचा, आणि मी, पांढऱ्या कोटातली बाई, त्यावरून त्यांना चिडवायचे, "आज निळे झालात वाटतं." निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी खोकला लागला. सुका, हट्टी. मीच त्यांना खोकल्याची औषधं देत राहिले, एक संपलं की दुसरं. शेवटी ठाण्याच्या सरकारी इस्पितळात तपासण्या झाल्या. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, स्पंजाचा पुठ्ठा व्हावा तशी, असं तिथल्या तरुण डॉक्टरनं सांगितलं. औषध आहे. सकाळी एक कॅप्सूल, संध्याकाळी एक.

"यानं बरं वाटेल?" ह्यांनी विचारलं.

"बरं नाही होणार, आजोबा. पण आजाराचा वेग कमी होईल."

"म्हणजे घोडबंदर रोडसारखं. गाडी थांबत नाही, नुसती हळू जाते."

डॉक्टर हसला. मी हसले नाही, कारण मला औषधाची किंमत माहीत होती.

सरकारी विमा योजनेत आमचं नाव होतं, म्हणून औषध मोफत मिळायला हवं होतं. इस्पितळाच्या खिडकीवर ते कधीच नसायचं. खिडकीतला माणूस चिठ्ठीवर 'उपलब्ध नाही' असा शिक्का मारायचा आणि म्हणायचा, "बाहेरून घ्या, बिल लावा, परतावा मिळेल." तो शिक्का इतका झिजला होता की त्यातला 'नाही' उमटायचाच नाही. चिठ्ठीवर नुसतं 'उपलब्ध' दिसायचं.

मग मी माझ्याच जुन्या दुकानात, माझ्याच फोटोखाली गिऱ्हाईक म्हणून उभी राहू लागले. शेठ आता फक्त संध्याकाळी येऊन खुर्चीत बसतात, दुकान त्यांचा मुलगा बघतो. त्यानं माझ्यासाठी एक सोय काढली. ज्या मालाची तारीख जवळ आलेली असते, तो वितरकाकडून उतरत्या भावात मिळतो. शॉर्ट एक्स्पायरीचा माल. एरवी मी असल्या मालाला हात लावू दिला नसता.

"म्याडम, तुम्हीच ओरडायच्या यावरून," तो म्हणाला.

"ओरडायचे. ती बघ, वर भिंतीवर आहे. तिला विचार."

"त्या काय म्हणतात?"

"हनुवटी वर करून बघतेय. म्हणजे नाहीच म्हणतेय."

शेठ खुर्चीतून खोकल्यासारखं हसले. "घे गो बाय, तारीख होवस्तवर खाऊन संपल. दोन येलेला तं लागतंय."

त्यांचं बरोबर होतं. रोज दोन वेळा घेतली तर तारखेच्या आत संपणारच. घेतली तर.

परताव्याचा पहिला अर्ज मी मोठ्या रुबाबात भरला. बिल, चिठ्ठी, शिक्का, सगळं टाचून नेलं. ठाण्याच्या कचेरीत खिडकीवर एक मुलगी होती, माझ्या लेकीहून लहान, केसांत पेन खोचलेली. तिनं कागद चाळले.

"आजी, रिकाम्या स्ट्रिप कुठायत?"

"कचऱ्यात."

"अहो, कचऱ्यात कशा?"

"रिकाम्या होत्या म्हणून."

"त्या लावाव्या लागतात. औषध घेतल्याचा पुरावा असतो तो."

"पुरावा म्हणून माणूसच आणते ना. बाहेर रिक्षात बसलाय. खोकतोय, ऐक, इथपर्यंत येतंय."

तिला हसू आलं. "माणूस फायलीला लावता येत नाही, आजी." आणि कागद परत सरकवले.

खरी गोष्ट अशी की घरी मी ह्यांच्यासाठीही पुड्याच बांधत होते. ह्यांना वाचता येत नाही असं नाही, पण सकाळची घेतली की संध्याकाळची विसरतात असं मी ठरवून टाकलं होतं. आणलेल्या स्ट्रिपा लगेच सोलायच्या, कॅप्सूल सूर्य-चंद्राच्या पुड्यांत भरायच्या आणि स्ट्रिपा फेकायच्या. उभा जन्म औषधांत गेलेल्या बाईनं तारखेसकट पुरावा कचरागाडीत दिला.

रिक्षात बसून डोंबिवलीला परत येताना मला एक जुनी सभा आठवली. सरकारी योजनेतल्या घोटाळ्यांवर ठाण्यात जनसुनावणी ठेवली होती. वाटेल तेव्हा उठून बोलायची मला खोड होती, आणि त्या दिवशी नवी कॉटनची साडी होती. उठले आणि माइक घेतला. म्हटलं, खोटी बिलं थांबवायची असतील तर रिकाम्या स्ट्रिपा लावायला सांगा! प्रत्येक आजारी माणसाला औषध हा हक्क आहे, पण चोरांना चाप बसलाच पाहिजे! टाळ्या पडल्या. घरी येऊन मी ह्यांना सगळं भाषण हातवाऱ्यांसकट करून दाखवलं. हे जेवत होते. म्हणाले, "छान. पण जो खरंच आजारी आहे तो स्ट्रिपा सांभाळत बसेल का?" मी म्हटलं, तुम्हाला धोरणातलं काय कळतंय.

आता तो नियम माझ्यामुळे आला असं समजू नका. सरकारनं आयुष्यात माझं काही ऐकलेलं नाही, हे एवढंही ऐकलं नसणार. पण बाई बोलली होती खरी.

त्यानंतर आम्ही स्ट्रिपा जपायला लागलो. हे काम ह्यांनी आपल्याकडे घेतलं. जिने चढणं बंद झालं होतं, बाजार बंद झाला होता, बसून करायला काहीतरी हवंच होतं. मी कॅप्सूल काढून पुड्या बांधायचे, हे स्ट्रिपा पुसायचे, जाड पुस्तकाखाली दाबून सपाट करायचे आणि सुईदोऱ्यानं ओवायचे. बॅच नंबर सगळे एका बाजूला, तारखा सगळ्या वर. दिवाळीला दाराला लावावं तसं चंदेरी तोरण व्हायचं.

"आजी, हे काय?" खिडकीवरच्या मुलीनं विचारलं.

"तोरण. तुमच्या कचेरीला लाव, शोभेल."

तिनं शेजारणीला दाखवलं. शेजारणीनं तिच्या शेजारणीला. मला वाटलं, काम झालं. काही आठवड्यांनी कागद परत आले. बिलावरचा बॅच नंबर आणि स्ट्रिपेवरचा बॅच नंबर जुळत नाही. यातली गंमत मला आधीच माहीत होती. दुकानातला कॉम्प्युटर बिलावर आधी आलेल्या मालाची बॅच छापतो, आणि माणसाचा हात फडताळात जी स्ट्रिप पुढे असेल ती उचलतो. आमच्या दुकानात हे रोज व्हायचं, मी कधी बघितलंही नाही. मुलानं बिल दुरुस्त करून दिलं, तर दुरुस्त बिलाची तारीख नवी, आणि तोवर चिठ्ठी जुनी झालेली. नवी चिठ्ठी आणली तर तिच्यावर शिक्का नाही. शिक्का मारायला गेलो तर शिक्केवाला रजेवर.

तो परतल्यावर सगळं पुन्हा जमा केलं, पुढच्या महिन्यांची तोरणंही देत राहिलो. यातच निवडणूक आली. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मांडव पडला आणि आरोग्य कार्डांचं शिबिर लागलं. नवी योजना, नवं कार्ड. जुन्या सगळ्या योजना त्यात मिसळल्या जाणार होत्या. टीव्हीवर सत्तेतले सांगत होते की क्रांती झाली, आणि विरोधातले सांगत होते की ही क्रांती मुळात त्यांनी केली होती. कार्डावर नेत्याचा फोटो एवढा मोठा, की आजारी माणसाचा फोटो कोपऱ्यात तिकिटाएवढा.

"आजी, आता सगळं कॅशलेस," कार्ड वाटणारा कार्यकर्ता म्हणाला. गळ्यात पट्टा, कपाळाला टिळा, कानात एक इअरफोन. "बिलंफिलं काय नाय. परतावाच बंद करून टाकला साहेबांनी."

"बंद केला? मग माझी जुनी बिलं?"

"अहो, आता बाहेरून औषध घ्यायची गरजच नाय ना. सगळं आतच भेटणार."

"हे औषध मिळेल का बघ बरं यादीत." मी चिठ्ठी पुढे केली.

त्यानं मोबाइलवर बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. "हे नाय दिसत. पण दुसरं कोणतंही बघा ना, हजारो हायत."

"असं करते, ह्यांना सांगते, आजार बदला."

तो हसला, मग मी थट्टा करतेय की भांडतेय हे न कळून त्यानं मला दोन कार्डं जास्त दिली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पक्षाचे आले. ते म्हणाले, आमचं सरकार आलं की औषध घरपोच. ह्यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "कधी येताय?" तो गडी म्हणाला, "आलोच, बाबा." हे म्हणाले, "लवकर या. मी काही फार थांबत नाहीये."

आमची लेक घोडबंदर रोडला राहते, उंच इमारतीत, जिथून खाडी दिसते आणि पाणी मात्र टँकरचं येतं. मला फोनवर कमी ऐकू येतं म्हणून मी तो स्पीकरवर ठेवते. एक दिवस तिचा फोन आला.

"आई, तो क्लेम सोड आता. दर महिन्याचं औषध मी घेत जाईन."

"तुझे घराचे हप्ते?"

"बघू ते. छोटीची शाळा बदलणार होतो, ती या वर्षी नाही बदलत. काही अडत नाही तिचं."

"अगं, पण तिचं ठरलं होतं ना सगळं..."

"आई, बाबांपुढे शाळा काय घेऊन बसलीस!"

हे समोरच बसले होते, स्ट्रिप ओवत. सुई हातात तशीच राहिली. मी घाईनं स्पीकर बंद केला. ह्यांनी दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडला आणि म्हणाले, "तिला सांग, क्लेम पास होतोय. कचेरीतून फोन आलेला म्हणून सांग." मीही सांगितलं. खोटं बोलण्यात नवरा-बायकोचं असं एकमत क्वचित होतं.

त्यानंतर एक चांगली गोष्ट झाली, असं मला वाटलं. ह्यांची भूक सुधारली. या औषधानं पोट बिघडतं, अन्नावरची वासना जाते. इतके दिवस ताटात नुसते चिवडायचे, ते वरण-भात मागून घ्यायला लागले. तोंडावर थोडं तेज आलं. मी दुकानात जाऊन सांगितलं, मानवलं बरं का औषध. लेकीला सांगितलं. शेजारच्या बाईंना तर औषध शरीराला कसं सवयीचं होतं यावर भाषण दिलं, माइक नव्हता एवढंच.

पुढच्या तपासणीला ठाण्याला गेलो. नळीत फुंकायचं असतं, श्वास मोजतात. हे फुंकत होते आणि पडद्यावरची रेघ वर जायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरनं दोनदा फुंकायला लावलं. मग चष्मा काढला.

"आजी, औषध दोन्ही वेळा घेतात ना?"

माझा तोल गेला. "डॉक्टर, मी स्वतः फार्मासिस्ट आहे. पुड्या मी स्वतः बांधते. सूर्याची वेगळी, चंद्राची वेगळी. रिकाम्या स्ट्रिपा सरकारजमा आहेत, एकूण एक. बघायच्या आहेत का? तोरणं आहेत तोरणं!"

"तसं नाही, आजी. खूप भरभर खाली गेलंय म्हणून विचारलं. औषध चालू असताना एवढं जायला नको होतं."

"मग औषधच भेसळीचं असेल तुमच्याकडचं," मी म्हटलं. औषध माझ्याच दुकानातलं होतं. हे वरच्या पंख्याकडे बघत बसले होते. पंखा बंद होता.

त्याच आठवड्यात कचेरीतून निरोप आला, समक्ष या. कचेरी आता ठाण्याला नव्हती, कल्याणला हलवली होती. तीच मुलगी तिथे बदलून आली होती, केसांत तेच पेन. मला बघून तिनं आधी खुर्ची मागवली, तेव्हाच मला कळलं.

"आजी, जुनी योजना बंद झाली. नव्या योजनेत परतावा हा प्रकारच नाही. तुमची प्रकरणं आम्ही वर पाठवलीत. पण वर कुणाकडे, ते अजून ठरलेलं नाही."

"नाकारली का?"

"नाकारलेली नाहीत."

"मंजूर?"

"मंजूर कोण करणार? ती सही करणारी खुर्चीच राहिली नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "यावेळी सगळं बरोबर होतं हो तुमचं. बॅच जुळत होत्या, शिक्के होते. एक खोट नव्हती."

घरी आले तर ह्यांनी चहा ठेवला होता. ओट्यापाशी उभं राहून चहा करायचा म्हणजे ह्यांना मध्ये दोनदा बसावं लागतं. माझ्याकडे बघूनच त्यांना समजलं. कप पुढे ठेवला, आणि कपाटातून नातीची जुनी कंपासपेटी काढून आणली. झाकणावर उडालेल्या रंगाची परी. पेटी कपाशेजारी ठेवली.

"उघड."

"काय आहे? तुमचा दात पडला का परत?"

"उघड तर."

पेटी कॅप्सूलांनी भरलेली होती. तपकिरी, मऊ, माझ्या पुड्यांतल्या.

"चंद्राच्या आहेत सगळ्या," ते म्हणाले. चेहरा असा, जणू माझ्यासाठी साडी आणली आहे. "सकाळची घेत होतो, संध्याकाळची ठेवत होतो. मला माहीत होतं हे लोक देणार नाहीत. आता देवोत न देवोत, आपला साठा आहे. लेकीला काही मागायला नको. केमिस्टचा नवरा आहे मी, स्टॉक कसा करायचा कळतं."

मी पहिलं काय बोलले असेन? माझ्या तोंडून आलं, "यात सिलिका जेलची पुडी कुठाय? दमट हवेत मऊ कॅप्सूल उघड्या ठेवतात का? चिकटल्या बघा सगळ्या!" आणि मी एकेक सोडवायला लागले. बऱ्याच एकमेकींना धरून बसल्या होत्या. काहींची सालं निघाली, आतलं तेलकट बोटाला लागलं.

"अगं, ओरडू नकोस. भूक लागायला लागली होती ना मला? तुलाही बरं वाटत होतं."

"आणि श्वास?"

"तो काय," ते म्हणाले, "मोजतात तेवढा तरी येतोय." हे वाक्य बोलतानाही त्यांना मध्ये थांबावं लागलं.

म्हणजे सरकारदरबारी आमचे हे पूर्ण औषध घेतलेले गृहस्थ होते. पुरावा बिनचूक होता. बॅच जुळत होत्या. मी बांधलेल्या पुड्या, त्यांनी ओवलेलं तोरण. औषध तेवढं परीच्या पेटीत.

डॉक्टरला फोन करून खरं सांगितलं. तो रागावला नाही, त्याचंच मला वाईट वाटलं. गेलेलं परत येत नाही, म्हणाला, आता तरी दोन्ही वेळा द्या. पेटीतल्या देऊ का, असं मी विचारलं. तारीख बघून ठरवा, म्हणाला, तुम्हाला तर कळतंच.

मला कळतं. फॉइलमधून बाहेर काढलेल्या कॅप्सूलला तारीख उरत नाही, हे मी कॉलेजात शिकले आणि पुढे आयुष्यभर लोकांना ऐकवलं. तरी मला कुठल्यातरी तारखेवर बोट ठेवायचं होतं. माल शॉर्ट एक्स्पायरीचा, महिन्यामहिन्यांचा एकत्र झालेला. बिलांवरच्या तारखांचा भरवसा नाही, ते कॉम्प्युटरचं आधीच सांगितलं. खरी तारीख फक्त स्ट्रिपांवर. त्यातली सगळ्यात जवळची तारीख अजून पुढे असली, तर सगळ्याच चालतील, असा हिशोब मी मनाशी केला आणि पुन्हा कल्याण गाठलं.

"बाळा, ती तोरणं जरा बघायला मिळतील का? परत नको. नुसत्या तारखा बघायच्यात."

मुलगी गोंधळली. "जमा झालेलं बाहेर काढता येत नाही, आजी. सगळं बांधून खाली ठेवलंय." मग सहज म्हणाली, "पण औषध तर घेऊन संपलं ना? आता तारीख कशाला हवी?"

खिडकीवर माझ्यामागे रांग होती. खरं सांगावं तर आमची बिलं खोटी ठरत होती. सभेत उठून मी ज्यांना चोर म्हटलं होतं, त्यांच्यात आमचे हे जाऊन बसत होते, कडक फुप्फुसं घेऊन.

"आजोबांनी ओवलेली आहेत," मी म्हटलं. "नातीला दाखवायची होती."

"हो ना, फार सुरेख ओवलेली," ती म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी फोटो काढलेत." तिनं मोबाइल पुढे केला. फोटोत तोरण चमकत होतं. मी चष्मा वर-खाली केला, फोटो मोठा करून बघितला. फॉइलवर ट्यूबलाइट पडली होती आणि तारखांच्या जागी नुसता पांढरा उजेड होता.

परत येताना शेठच्या दुकानावरून आले. आत गेले नाही, बाहेरूनच भिंतीकडे बघितलं. ती होतीच, हनुवटी वर. ती असती तर पेटी सरळ गटारात रिकामी केली असती आणि वर भाषण दिलं असतं. तिला काय, तिचा नवरा तेव्हा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचा.

न चिकटलेल्या कॅप्सूल मी वेगळ्या काढल्या आहेत. बरणीत घातल्या, वर सिलिका जेल. जास्त नाहीत. बरणी संपल्यावर काय, हा विषय आम्ही दोघंही काढत नाही. लेकीला अजून वाटतं क्लेम पास होतोय, आणि नातीचा नव्या शाळेचा गणवेश शिवून आला आहे. तो घालून ती येऊन दाखवून गेली. ह्यांनी तिला गोल फिरायला लावलं.

संध्याकाळी मी पुडी बांधते. चंद्र आता वेडावाकडा येतो.

"नाक राहिलं," हे म्हणतात.

मी नाक काढते. भुवयाही काढते. हे पुडी उघडतात, कॅप्सूल पाण्याबरोबर घेतात.

"जीभ वर करा."

"अगं, आता तरी विश्वास ठेव."

"वर करा म्हणते ना."

ते आ करतात, जीभ वर करतात. मी मोबाइलचा टॉर्च लावून आत बघते. काही नसतं. मग ते खोकायला लागतात, आणि खोकला थांबेपर्यंत मी टॉर्च तसाच धरून उभी राहते.